बर्फातली बाई

३ मार्च, सोमवार

विटा लावल्या. पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन. आता माझं डोकं खाली, पाय वर. अण्णांनी विटा आणल्या, अंगदनं पलंग उचलून धरला, आईनं गोधडी अंथरली. मग तिघंही माझ्याकडं बघत उभी राहिली – चल, हो आडवी!

बाविसावा आठवडा. परवा रक्त गेलं. जालन्याच्या डॉक्टरीणबाई सोनोग्राफी बघून म्हणाल्या, वार खाली आहे, पार पिशवीच्या तोंडावर. "साधना, बाळंत होईपर्यंत पलंग सोडायचा नाही. संडासला तेवढं उठायचं." पहिलं पाचव्या महिन्यात गेलं, दुसरं चौथ्यात. हे तिसरं. म्हणून मी उलट काही विचारलंच नाही. अंगदनंही नाही.

अंगदच्या आणि माझ्या जालन्यातल्या खोलीला जिना आहे, म्हणून इथं माहेरी आणलं. पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडं, शेतातलं घर. डांबरी रस्ता अर्धा किलोमीटर, शेजार नाही. अंगद लगेच परत गेला, मिलमध्ये शिफ्ट होती. जाताना म्हणाला, "काळजी घे त्याची."

त्याची.

५ मार्च

वर सतरा पत्रे. दोन वेळा मोजले.

९ मार्च, रविवार

धाकटा भाऊ हरिओम पुण्याहून आल्ता. जुना लॅपटॉप ठेवून गेला. "ताई, इथं नेट चालणार नाही. पण यात एक गेम आहे, त्याला नेट लागत नाही. एकटीनंच खेळायचा."

मी म्हटलं, मी काय लहान आहे का! एकोणतीस वर्षांची बाई, आठवीला गणित शिकवते.

दुपारी उघडला. एक बाई आहे. विमान पडलंय, ही एकटी वाचली. सगळीकडं बर्फ. दुसरं माणूस नाही, कुणी शोधायलाही येत नाही. कोपऱ्यात चार पट्ट्या – ऊब, भूक, तहान, थकवा. त्या उतरत राहतात. आपण काही नाही केलं तरी उतरतात. जिंकायचं असं काही नाहीच, फक्त जितके दिवस निघतील तितके काढायचे. मेलं की सगळं पुसलं जातं. पहिल्यापासून.

वीस मिनिटांत मेले. गारठून! बाहेर अडतीस डिग्री, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि मी गारठून मेले. किती दिवसांनी हसू आलं.

११ मार्च

आज तीन वेळा मेले. एकदा लांडगा. एकदा उपाशी. तिसऱ्यांदा तर मूर्खासारखी – खोपीत होते, लाकूड संपत आलं, बाहेर बर्फाचं वादळ. म्हटलं, थांबेल, मग निघू. बसून राहिले. वादळ काही थांबलं नाही. शेगडी विझली.

१४ मार्च

आईनं पकडलं.

"काय बघून राह्यली गं? लांडगं? अशा दिसांत असलं बघत असतेत का!"

मी सांगितलं, खेळ आहे. ती ताट ठेवून पलंगाच्या कडेला टेकली. पडद्याकडं बोट करून –

"ही बाई एकलीच हाय?"

"हो."

"हिच्या घरचे?"

"माहीत नाही."

"मंग आधी लाकडं नको का जमवायला? दिवस मावळायला आला, अन् ही डबे हुडकून राह्यली. लाकडं नसली तं डबा काय थंडाच खाती?"

मी लाकडं जमवली. आज नाही मेले.

१६ मार्च, रविवार

अंगद आला. द्राक्षं आणली. पोटाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "काय म्हणतंय माझं पोरगं?" मग आईशी बोलला, अण्णांशी बोलला. सासूबाईंचा निरोप सांगितला – गिरिजाबाई म्हणतात, कुशी बदलताना हळू बदल, एका अंगावर फार राहू नको, हात डोक्यावर घेऊ नको.

मला कसं वाटतं, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कुणास ठाऊक.

तरी. विचारायचं ना.

२२ मार्च

अकरा दिवस जगले! आईमुळं.

तिला एक अक्षर कळत नाही पडद्यावरचं, पण जगायचं कसं ते कळतं. "वारा कुठून येऊन राह्यला ते बघ, दगडाच्या आडोशाला पेटव." "ओल्या कपड्यानं झोपू दिऊ नको तिला." "भरल्या पाठीनं पळाया निघाली, आधी ओझं टाक की!" लांडगा दिसला की तोंडावर पदर घेते, पण बोटांच्या फटीतून बघते. आता भाजी निवडायला इथंच बसते, माझ्या उशाशी.

दुपारी अण्णा पाणी प्यायला आले. दोघींकडं बघून म्हणाले, "काय चाललंय?"

आई म्हणाली, "आम्ही हरिण शोधून राह्यलो."

२ एप्रिल

परत रक्त. थोडंच. 

डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलले. "उठला होतात का? सांगा खरं." उठले होते. खिडकीपर्यंत. लिंबाला मोहर आलाय का बघायला. चार पावलं.

आईनं आता दाराबाहेर ठाण मांडलंय. भांडं इथंच देते. आंघोळ पलंगावर, ओल्या फडक्यानं. लॅपटॉप कपाटात ठेवला – "त्याच्यानंच जीव वर-खाली होतो तुझा."

इथं लिहिते, कारण कुठं बोलता येणार नाही. आज मनात आलं – जाऊ दे. जायचंच असलं तर आता जाऊ दे, म्हणजे मी उठेन. अंगण झाडेन. शाळेत जाईन. असं मनात आलं आणि मी ते लगेच झटकलंही नाही. तसंच राहू दिलं, बराच वेळ.

मग पोटात हललं. मी रडले. आईला वाटलं दुखतंय.

९ एप्रिल

तृप्तीचा फोन. शाळेत माझ्या शेजारच्या वर्गाला असते. "अगं, तू राजीनामा देणार हे मला आधी सांगायचं तरी!"

कसला राजीनामा?

अंगदनं महिन्याभरापूर्वीच मुख्याध्यापकांना सांगून टाकलंय – साधना आता यायची नाही. पत्रसुद्धा दिलंय. त्याच्या अक्षरात, माझ्या नावानं. माझ्या वर्गावर नवीन बाई आल्यात.

सहा वर्षांची नोकरी!

१३ एप्रिल, रविवार

आल्याबरोबर विचारलं. तो बूट काढत होता.

"पत्र तू दिलंस?"

"हो. मंग? तुला यातलं टेन्शन नको म्हणून न्हाई सांगितलं."

"मला विचारायचं होतंस."

"काय विचारायचं? दोन गेलेत, साधना. पायऱ्या चढून, उभं राहून शिकवून गेलेत. आणखी एक घालवायचंय का तुला?"

हे तो पहिल्यांदाच बोलला. इतके दिवस त्याच्या मनात होतं म्हणजे! माझ्यामुळंच गेले असं. माझ्याही मनात तेच होतं.

उठून निघून जावंसं वाटलं. पण उठायचं नाही. भांडायचं तेही आडवं पडून! पाय वर, डोकं खाली. मी भिंतीकडं तोंड केलं. तेवढंच करता येतं.

तो न जेवता गेला.

१५ एप्रिल

आईनं लॅपटॉप आपणहून आणून दिला. 

२० एप्रिल, रविवार

अंगद आला नाही. फोनही नाही.

बर्फातल्या बाईचे एक्केचाळीस दिवस झाले होते. हरणाच्या कातड्याचा कोट शिवला होता, मासे वाळवून ठेवले होते. आईला आता बटणं माहीत झालीत. आज म्हणाली, "दे मला, मी चालवते." चालवत तळ्यावर गेली. बर्फ कडाड वाजला. मी ओरडले, "आई, मागं!" तिला मागं कसं यायचं ते सापडेना. बाई पाण्यात गेली. पट्टी उतरत उतरत संपली.

पडदा काळा. आई तशीच बसलेली, बोट बटणावर. मला वाटलं गंमत करावी. पण तिच्या डोळ्यांतून पाणी.

"आई, खेळ आहे गं."

"तुझ्या आधी एक होता," ती म्हणाली.

मला माहीत होतं, होता म्हणून. कसा गेला ते कधी कुणी सांगितलं नव्हतं. आठवा महिना. ज्वारीची काढणी. ती रोज रानात – मला कुणी बस म्हणलं न्हाई, मी बी बसले न्हाई. एक दिवस पेंढ्या उचलून बांधावर ठेवल्या अन् घरी आली, तर पोट गप्प. दोन दिवसांनी झाला. पोरगा. रडलाच नाही.

"समदे म्हणले, हिनंच ओझं उचललं. तुझी आजी म्हणली, तुझे अण्णा म्हणले. मी बी तेच म्हणते. बत्तीस वर्षं झाली. तू दाराबाहेर पाय टाकला ना साधना, की मला त्या पेंढ्याच दिसतेत."

मी तिचा हात धरला. उठून जवळ घेता आलं नाही.

२१ एप्रिल

पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आईनं आधी लाकडं जमवली.

१० मे

एकतिसावा आठवडा संपला. त्रेचाळीस डिग्री. गादी ओली होते, पाठीवर घामोळं. पिंढऱ्या काटकुळ्या झाल्यात, माझ्या वाटतच नाहीत. खेळायचाही कंटाळा आलाय. त्या बाईला निदान कुठल्या दिशेनं जायचं ते ठरवता येतं.

अंगद परत दर रविवारी यायला लागलाय, बसतो, द्राक्षं धुऊन देतो. आम्ही हवापाण्याचं बोलतो.

२० मे, मंगळवार

आई रेणुकाईची ओटी भरायला गेली. माझ्यासाठी नवस आहे. अकरा आठवड्यांत पहिल्यांदाच मला सोडून. "तासाभरात येते. हलू नको." अण्णा पलीकडच्या विहिरीवर. सकाळच्या वावटळीनं तार तुटली – लाईट नाही, फोनला रेंज नाही. पाठ दुखून राह्यलीय.

२२ मे, जालना, दवाखाना

अण्णांनी कपड्यांच्या पिशवीत ही वही पण आणली. त्यांना ती शाळेची वाटली.

परवाचं लिहून ठेवते. आत्ताच लिहायचं.

आई गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत गरम लागलं. गोधडी बघितली. थोडं नव्हतं. थेंब नव्हते. नुसतं वाहत होतं.

ओरडले. कोण ऐकणार! फोन लावला – रेंज नाही. परत लावला. नाही. पडून राहायचं, सगळ्यांनी हेच सांगितलेलं. हलू नको, हलू नको. मी पत्र्याकडं बघत पडले आणि गोधडी भिजत होती. तेव्हा एकदम खेळातली ती खोपी आठवली, लाकूड संपत आलं तरी मी बसून राहिले होते ती. थांबण्यात काहीच नव्हतं.

उठले.

आईच्या लुगड्याची घडी मांड्यांत धरली आणि निघाले. अर्धा किलोमीटर. पायात जोर नव्हता, अकरा आठवडे चाललेच नव्हते. बांधाबांधानं, ढेकळांतून. दोनदा बसले. दुसऱ्यांदा बसल्यावर वाटलं, आता राहू इथंच, बाभळीखाली. पोटात हललं नाही. मी म्हणाले, हल! मोठ्यानं म्हणाले. हललं नाही. मग उठलेच.

रस्त्यावर पोचले तेव्हा भोकरदनची एसटी येत होती. हात केला की नाही आठवत नाही, रस्त्याच्या मधेच उभी होते. कंडक्टर बाई खाली उतरली – शिवकन्या, छातीवरच्या पट्टीवर वाचलं. माझी साडी बघितली आणि वळून ओरडली, "मागच्या शिटा खाली करा! ड्रायव्हर, आता कुठं थांबायचं न्हाई, सरळ दवाखाना!" वाटेत हात केलेली माणसं मागं पडत गेली. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. सारखं मला बोलतं ठेवलं – नाव काय, सासर कुठलं, काय शिकवता? "गणित." "मंग सांगा, सतरा नवं किती?" सांगितलं. बराबर सांगितलं.

भोकरदनला सलाईन लावून अॅम्ब्युलन्समधून जालना. पुढचं आठवत नाही.

मुलगी. एक किलो आठशे. काचेच्या पेटीत आहे, स्वतःचा श्वास स्वतः घेते.

अंगद पायाशी उभा होता. डोळे सुजलेले. "आणखी अर्धा तास गेला असता तर दोघी पण..."  मग माझ्याकडं बघून – माझ्याकडं! – विचारलं, "तू... तू कशी आहेस?"

म्हटलं, "शाळेत जाऊन ते पत्र परत घे. मग सांगते."

तो "हो" म्हणाला.

२३ मे

बाळांच्या डॉक्टर नवीन आहेत, माझ्याएवढ्याच असतील. कागद बघताना म्हणाल्या, अकरा आठवडे नुसत्या पडून? कशाला? पडून राहिल्यानं हे थांबत नसतं. आणि बाईच्या उठण्या-बसण्यानं, कामानं बाळ जात नसतं.

मी विचारलं, आठव्या महिन्यात? पेंढ्या उचलून?

त्या म्हणाल्या, त्यानं नाही जात हो. ते आधीच आत काहीतरी बिघडलेलं असतं. कुणाची चूक नसते.

आई बाहेर बाकावर बसली आहे. मी उठते. तिला सांगायचंय.