दाखवायला खडा नाही

नुकुस, १२ नोव्हेंबर

सासूबाईंना सलाम.

घरी सगळे बरे असतील. लाल गाय व्याली का? इथे शहरात ताईकडे मला आराम आहे. तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून लिहिते आहे.

पोलातने तुमचा निरोप दिला, "आई विचारते, खडा कुठाय?" खडा नाही. डॉक्टरीणबाईंनी लघवीच्या वाटेनेच बारीक नळी आत सरकवली, तिच्यातून केसासारखी तार, आणि तारेतून लेसर. खड्याचं पीठ झालं. अंगावर एक टाका नाही.

तुमचा खडा कपाटात चिनी वाटीत आहे, जर्दाळूच्या बीएवढा. चहाला येईल तिला आधी तो दिसतो, मग कुशीवरचा वीतभर व्रण. माझ्याकडे दोन्ही नाही. म्हणजे तुमचा तो खडा आणि माझं ते ढोंग. "कापूस फुटला की हिला बरोबर कळ येते," असं तुम्ही वन्संना सांगत होतात, तेव्हा मी गोठ्यामागे ओकत होते. सगळं ऐकू आलं. राग आला, अजून आहे.

हो, न विचारता निघाले. विचारलं असतं तर कलिंगडाने खडा पडतो म्हणत तुम्ही कलिंगडं खायला घालून गप्प बसवलं असतंत. माफी मागणार नाही.

सोबतच्या पुडीत वाळू आहे. रोज फडक्यातून गाळून जमवली. काय गाळून ते तुम्हाला कळेलच. हवी तर वाटीत ठेवा, पाहुण्यांना दाखवा.

आता जे लिहायचं टाळत होते ते. धार काढताना तुम्ही डोक्याच्या रुमालाचं टोक दातात धरता. मी पाहिलंय. आता दुसरी कूस दुखते ना? पुन्हा कापतील म्हणून घाबरता. आणि मला ढोंगी म्हणून बसल्यावर आता स्वतःचं दुखणं सांगणार कोणत्या तोंडाने?

डॉक्टरीणबाईंशी बोलले आहे. त्या हसून म्हणाल्या, "आणा त्यांना. पण खडा मागायचा नाही."

माझ्या आत ठेवलेली नळी गुरुवारी काढतील. शुक्रवारी मी गाडी घेऊन दारात येईन. तुम्ही बसलात तर तुमचं सगळं उरकून दोघी मिळून घरी परतू. नाही बसलात तर मी उंबरा न ओलांडता मागे फिरेन. नवरा म्हणून पोलातलाही हे सांगितलं आहे.

तुमच्याकडे यावेळी दाखवायला काही नाही. तरी तुम्हाला दुखतंय हे मी खरं मानते आहे.

तुमची ढोंगी सून,
आयझादा