शालिनीचा गुडघा

१० डिसेंबर, बुधवार. गंगापूर धरणाकाठी.

रिसॉर्टवर काल सायंकाळी पोहोचलो. सकाळी फिरणाऱ्या मंडळाची सहल. आज रामशेज किल्ला. चढताना अडचण नव्हती. उतरताना पुन्हा तेच: पायऱ्यांच्या कडा दिसेनात, सगळा एक राखाडी उतार. दसऱ्यापासून असे होते आहे. डॉक्टरांकडे गेलो नाही, घरात शालिनीलाही सांगितलेले नाही.

दर पायरीला थांबत होतो. मंडळाचे म्होरके बोरस्ते वळून ओरडले, "काय सर, पायऱ्यांशी पण वाद घालताय का?"

सगळे हसले. शा. बरीच मागे, बोरे विकणाऱ्या बाईशी गप्पा मारत होती. मी म्हणालो, "शालिनीसाठी थांबतोय. तिचा गुडघा..." वाक्य पूर्ण करावेही लागले नाही. दिसणाऱ्या गोष्टीशी जुळणारे कारण दिले की कोणी तपासत नाही. हे मी तर्कशास्त्राच्या वर्गात धोका म्हणून शिकवीत असे.

११ डिसेंबर, गुरुवार.

अंजनेरी. पायऱ्या सुरू झाल्या तिथूनच परत फिरलो. एका कृतीला दोन कारणे दिली: मंडळींना तिचा गुडघा, तिला माझा कंटाळा. ती माझ्याबरोबर खाली आली. या सहलीसाठी दिवाळीपासून ती सोसायटीचे जिने चढत-उतरत होती.

सायंकाळी बोरस्तेवहिनी खोलीवर आल्या. हातात गुडघ्याचा पट्टा आणि तेल. "लाजायचं काय त्यात, शालिनीताई? वयाला होतंच. परवा ब्रह्मगिरीला तुम्ही नका येऊ. इथं मस्त पाणी बघत बसा."

त्या गेल्यावर शा.ने विचारले, "कुठला सांगितलाय? डावा की उजवा? लंगडायचं तर नीट लंगडते."

मग डोळ्यांचे सांगितले. बराच वेळ ती पट्ट्याची घडी घालत राहिली.

"मला कळलं असतं तर मी हात धरला असता. आता त्यांना तुम्हीच सांगा. ब्रह्मगिरी मी सोडणार नाही."

तिचे माहेर त्र्यंबकचे. लहानपणी तो डोंगर तिच्या अंगणासारखा होता. लग्नानंतर एकदाही वर गेलेली नाही. दर हिवाळ्यात विषय काढी. मी दर हिवाळ्यात एक सबळ कारण पुरवीत असे.

१२ डिसेंबर, शुक्रवार.

विश्रांतीचा दिवस. दुपारी जेवणाच्या टेबलाशी उभा राहून सांगितले: शालिनीचा गुडघा ठणठणीत आहे, दोष माझ्या डोळ्यांत आहे, मी खोटे बोललो.

बोरस्त्यांनी टाळी वाजवली. "वा सर! बायकोचं दुखणं स्वतःच्या अंगावर घेणं याला म्हणतात!"

वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "शिका जरा. तुम्ही माझं घोरणं अख्ख्या मंडळाला सांगून आलात."

हशा. मी मुद्देसूद खंडन करू लागलो. जितके केले, तितकी त्यांची खात्री वाढली. सर खोटे बोलत नाहीत, म्हणजे परवाचे खरे. परवाचे खरे, म्हणजे आजचे हे मोठेपण. आधार चुकीचा, पण रचना निर्दोष. आधार मीच पुरवलेला.

शा. म्हणाली, "अहो, माझा गुडघा खरंच बरा आहे."

"किती जपता हो एकमेकांना!" वहिनी.

एक क्षण ती स्तुती मला आवडली. हे लिहून ठेवणे भाग आहे.

१३ डिसेंबर, शनिवार. ब्रह्मगिरी, माथ्यावर.

सकाळी शा. बूट घालून, कोणालाही न विचारता गाडीत बसली. वहिनी पट्टा घेऊन धावल्या. "राहू द्या," ती म्हणाली. चढताना सर्वांच्या पुढे होती. बोरस्ते माझ्या कानाशी: "बाईंची जिद्द आहे हां, सर. दुखत असणार, पण दाखवत नाहीत."

वर आल्यावर तिने मला कुशावर्ताची, माहेरच्या आळीची दिशा दाखवली. मला धूसर उजेड दिसला. आज तसे सांगितले. "बरं," म्हणाली.

चढणे झाले. उतरणे बाकी आहे. मी हात पुढे केला, तिने घेतला नाही.

"हात धरला तर त्यांना वाटेल, तुम्ही मला उतरवताय. मी पुढे चालते. खांद्यावर हात ठेवून मागून या. सगळ्यांसमोर."

तिचे बरोबर आहे. शब्दाने कोणाला पटले नाही; प्रत्यक्ष दाखवणे तेवढे उरले. एवढे कळूनही खडकावर बसून लिहितो आहे.

ती पहिल्या पायरीशी पदर खोचून, माझ्याकडे पाठ करून उभी आहे. बोरस्ते मंडळींना गोळा करून उतरायला निघाले आहेत. मी आणखी थोडा वेळ लिहीत राहिलो तर ते वळणाआड जातील आणि कोणी पाहणार नाही. हे तिलाही कळते आहे. ती वळून पाहत नाही.