आजोबांच्या पेटीतली वाळू

प्रिय सूनबाई,

तुझ्या हाताचं प्लास्टर आता निघालं असेल. निघालं म्हणून लगेच भरल्या बादल्या उचलू नकोस, हाड वरून जुळलेलं दिसतं पण आतून कच्चं असतं. छकुलीला नव्या शाळेत कोणी मैत्रीण मिळाली का, जेवताना अजून भाजी ताटाच्या कडेला सरकवते का, असं पुष्कळ विचारायचं आहे. पण तू उत्तर पाठवू नकोस आणि कुठे राहतेस तेही कळवू नकोस. मला ठाऊकच नसलं म्हणजे माझ्या तोंडून निसटायचा प्रश्न नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुला नव्याने काय सांगायचं?

छकुलीला आधी सांग, आजोबा बरे आहेत. तुम्ही एका पिशवीनिशी बाहेर पडलात, त्यात ती काचेची पेटी कुठे मावणार होती! तेव्हा तो बोटाएवढा होता, आता चांगला वीतभर झालाय. त्या दाढीवाल्या सरड्याच्या पिल्लाचं नाव तिने आजोबा ठेवलं, तेव्हा मी म्हटलं होतं, अगं, तुझे खरे आजोबा रोज सकाळी गुळगुळीत दाढी करायचे, हा कुठला बिनकामाचा म्हातारा आणलास? आता दिवसभर मीच त्याच्याशी बोलते. दिव्याखाली दगडावर बसून तोंड उघडं टाकतो आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघतो. मी शिवणाच्या मशीनवर, तो दगडावर. आमचे हे होते तेव्हाही संसार साधारण असाच चालायचा.

मधे मात्र तो जगतो की मरतो असं झालं होतं. ते सगळं तुला नीट सांगायला हवं, कारण पुढे त्याचं तुलाच बघायचं आहे.

तुम्ही गेल्यावर ह्या माझ्या लेकाने पेटीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. रातकिडे मी आणायची, पाला मी बारीक चिरायची. मग एका संध्याकाळी हा कामावरून आला तो भलीमोठी थैली घेऊन. लाल, बारीक वाळू. सोबत प्लॅस्टिकचं निवडुंग आणि पोकळ ओंडका. तू खाली जुनी वर्तमानपत्रं घालायचीस ती त्याने चुरगाळून फेकली आणि स्वतःच्या हातांनी वाळू पसरली, तळव्याने सारखी केली. मला हाक मारून म्हणाला, बघ आई, खरं वाळवंट झालं की नाही? मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. लहानपणी मातीत घरं करायचा तेव्हा असाच दिसायचा. खोटं कशाला सांगू, माझ्या मनाने उचल खाल्ली. वाटलं, पोरीच्या आठवणीने माणूस वळणावर येतोय. मग त्याने फोटो काढले, खूप काढले, आणि तुला पाठवले. छकुलीने ते पाहून टाळ्या वाजवल्या असतील. वाजवणारच, दिसायला ते देखणंच होतं.

आठवडा उलटायच्या आत आजोबांचं खाणं तुटलं. रातकिडा नाकासमोरून गेला तरी मान हलवेना. शी होईना. पोट हाताला टणक लागायला लागलं आणि चालताना मागचे पाय ओढायला लागला. ह्याला सांगितलं, तर म्हणाला, थंडीने होत असेल, दिवा वाढव. मी बुटांच्या खोक्यात गरम पाण्याची बाटली ठेवली, फडक्यात आजोबांना ठेवलं आणि तू नेत होतीस त्याच दवाखान्यात गेले. तिथल्या मुलीने मोठ्याने पुकारलं, आजोबांबरोबर कोण आलंय? सगळी माणसं कुत्री-मांजरी सावरत माझ्यामागे म्हातारा शोधायला लागली. मी झाकण उघडून दाखवलं. इतक्या दिवसांत त्याच दिवशी काय ती हसले, पण तेही आत जाईपर्यंतच.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. पोटात वाळूचा गोळा बसला होता. त्या म्हणाल्या, पिल्लं जीभ लावून जग ओळखतात, जे दिसेल ते चाटतात. किड्यावर झडप घातली की किड्याबरोबर वाळूही घशाखाली जाते. मोठ्या जनावराच्या पोटातून ती एखादवेळी निघून जाते, पिल्लाचं आतडं दोऱ्याएवढं, त्यात ती घट्ट बसते. मी म्हटलं, बाई, थैलीवर तर लिहिलंय की पोटात गेली तरी विरघळते. त्यांनी नुसता सुस्कारा टाकला. म्हणाल्या, थैलीवर काहीही लिहितात. लाकडाचा भुसा नको, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा नको, सुटं असं काहीच नको. गिळता येणार नाही तेच खाली घाला.

मग औषधं, कोमट पाण्याची अंघोळ, पोटावरून बोटाने हलकं चोळणं. दिवसातून दोनदा मी त्याला उथळ भांड्यात बसवायची आणि तान्ह्या मुलाला सांगावं तसं सांगायची, कर रे बाळा, कर. शेवटी एका दुपारी त्याने सगळी लाल वाळू पाण्यात सोडली. सूनबाई, कोणाची शी बघून मला इतकं रडू येईल असं वाटलं नव्हतं.

पेटी मी चमच्याने कोपरान् कोपरा खरवडून रिकामी केली. आधी जुना टॉवेल मापात कापून घातला, म्हटलं मऊ लागेल. पण त्याच्या धाग्यांच्या फासात आजोबांचं नख अडकलं आणि बोट सुजलं. इतकी वर्षं कापडात काढून ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. तेव्हा टॉवेल नाही, विणलेलं काही नाही. आता स्वयंपाकघरातला साधा पुसायचा कागद दुहेरी घालते, वास नसलेला, छापील नसलेला. घाण झाली की लगेच दिसते, उचलून टाकायचा, दुसरा घालायचा. डॉक्टरीणबाई म्हणतात, मोठा झाला की खरखरीत फरशीचा तुकडा मापाने कापून बसव. गुळगुळीत नको, पाय घसरतात. खरखरीत असली की नखंही झिजतात आणि दिव्याची ऊब धरून ठेवते. दिसायला ते दवाखान्याच्या खाटेसारखं दिसतं खरं, पण त्याच्यावर तो जगतो.

हे मी ह्याला जेवायला वाढताना समजावून सांगितलं. एक्स-रेचंही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी वाळूची नवी थैली आली. मी ती पेटीत पडू देत नव्हते, म्हणून त्याने माझं मनगट धरून मला बाजूला केलं. फार जोरात नाही. त्याचं जोरात कसं असतं ते तुला ठाऊक आहे. म्हणाला, "कागदावर बसलेला सरडा कोणाला बघायचाय? वाळूशिवाय फोटोला मजा नाही."

मी म्हटलं, "अरे, मरेल तो."

तर म्हणाला, "मेला तर दुसरा आणू. सगळे सारखेच दिसतात. तिला काय कळणार आहे?"

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं, रागातलं मी धरत नाही. पण तो भात कालवताना बोलावं तसं बोलला. तेव्हापासून असं चाललंय, तो वाळू पसरतो, आजोबांना ओंडक्यावर बसवून फोटो काढतो, कामावर गेला की मी सगळी वाळू काढून कागद घालते. तो आल्यावर कागद बघतो आणि हळू आवाजात म्हणतो, जेवायला वाढ. ह्याच्या वडिलांचंही असंच होतं. आवाज मऊ झाला की मी घरातल्या जड वस्तू हळूच कपाटात ठेवायची.

काल त्याने मला तुझा निरोप वाचून दाखवला. छकुली फोटो बघून हट्ट धरून बसली आहे, रविवारी तासाभरासाठी तिला आजोबा दाखवायला आणते, असं तू लिहिलंस. वाचताना त्याचा चेहरा उजळला होता. आज सकाळी सुतार आला. छकुलीच्या खोलीच्या दाराला त्याने भक्कम कडी बसवली, बाहेरच्या बाजूने. सुतार बिचारा विचारत होता, साहेब, कडी आतून लावायची असते ना? ह्याने सांगितलं, बाहेरूनच हवी. खिडकीलाही जाळी लावून झाली. मी चहा देत होते तेव्हा माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "आता घर भरलेलं राहील, आई."

म्हणून हे लिहायला बसले. सूनबाई, रविवारी येऊ नकोस. तो रडला तरी येऊ नकोस, आई आजारी आहे म्हणाला तरी येऊ नकोस, मी मेले असं कळलं तरी येऊ नकोस. तुला फोन करता आला नाही, माझा फोन रोज त्याच्या हातात असतो. दवाखान्यात आजोबांच्या नावापुढे तुझा नंबर आहे, तेवढाच रस्ता उरला. हे पत्र आणि आजोबांना मी आत्ता डॉक्टरीणबाईंकडे देऊन येते, त्या फक्त तुलाच फोन करतील आणि फक्त तुझ्याच हातात देतील. छकुलीला हट्ट धरायला आता ह्या घरात काही उरलेलं नाही. बाईंनी मलाही विचारलं होतं, तुम्हाला कुठे जायला जागा आहे का? आहे, माझी बहीण आहे. पण घरात पेटीही रिकामी आणि मीही नाही असं झालं, तर हा तडक तुझ्या शोधात निघेल. मी असले तर आधी मला विचारत बसेल, आणि मला काहीच ठाऊक नाही. तेवढ्या वेळात तू आणखी लांब जा.

तुझीच,
सासू