बघणाऱ्याची रेघ

१ डिसेंबर
आले एकदाची सुरतला! पुसद सोडताना भाऊ म्हणाला होता, महिन्याभरात परत येशील. येत नाही जा. डिंडोलीत तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली आहे. घरमालकीण शोभाबाई खानदेशच्या. त्यांनी एका दमात जात, पगार आणि लग्न का नाही हे विचारून घेतलं आणि दुसऱ्या दमात वाटीभर खिचडी दिली. समोरच्या गॅलरीत बायका साड्यांना लेस लावत बसतात. मी हात हलवला, एकीने बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. होईल ओळख हळूहळू.

४ डिसेंबर
काम आवडलं. लकव्याने हात गेलेले लोक आमच्या सेंटरमध्ये येतात. त्यांच्या डोक्याला तारांची टोपी घालायची आणि मेंदूच्या लाटा नोंदवायच्या, एवढंच माझं काम. हात स्वस्थ असला की पडद्यावर लाटा उंच येतात. हात चालवला की लाटा बसतात, रेघ जवळजवळ सपाट होते. मजा अशी की दुसऱ्याचा हात चालताना नुसता बघितला तरी लाटा बसतात, पण अर्ध्याच. मी त्यांना नावं ठेवली आहेत, करणाऱ्याची रेघ आणि बघणाऱ्याची रेघ. डॉक्टरांचं म्हणणं, रोज हात बघत राहिलं की मेंदूतली ती जागा जागी होते आणि कधी कधी मेलेला हातही परत येतो.

९ डिसेंबर
आज बन्सीलालबाबा आले. राहतात गोडादऱ्यात, मूळचे पारोळ्याकडचे. एकतीस वर्षं लूमवर तारा जोडल्या. सूत गुंडाळलेला रूळ, म्हणजे बीम, संपला की त्याची हजारो टोकं नव्या बीमच्या टोकांना गाठीने जोडावी लागतात, ते त्यांचं काम. दिवाळीनंतर उजवा हात गेला. आमच्या व्हिडिओत एक गोरा हात कप उचलतो आणि ठेवतो. बाबांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, ह्या माणसाला चहा प्यायचा नसेल तर कप सोडून द्यावा. त्यांच्या लाटा हलल्यासुद्धा नाहीत. शेवटी डॉक्टरांनी मलाच कामाला लावलं. बाबांची गाठ मी शिकायची आणि त्यांच्यासमोर बसून मारून दाखवायची.

१६ डिसेंबर
सहा दिवसांत जमली! अंगठा, दोन बोटं, वळसा, ओढ. बाबांनी डाव्या हाताने आणि शिव्या देऊन शिकवलं. आज पहिली बैठक झाली. मी चाळीस गाठी मारल्या आणि बाबा बघत राहिले, हात चादरीखाली स्वस्थ.

उठताना ते अडले. त्यांच्या उस्तादाची एक रीत होती म्हणे. शिकणाऱ्याने दिवसभर नुसतं बघायचं, पण उठण्याआधी स्वतःच्या हाताने एक गाठ मारून तोडायची, म्हणजे बघणं मिटतं. नाही तर ते उघडंच राहतं. मी त्यांची बोटं धरून एक गाठ मारवून घ्यावी, अशी त्यांची विनंती होती. मी हसले. बैठकीत आजारी हात हलवायचा नाही हा आमचा पहिला नियम, नाही तर सगळी नोंद वाया जाते. राहू द्या उघडं, मी म्हटलं. ते माझ्या हाताकडे बघत बसले.

२८ डिसेंबर
अंगठा हलला!! भागीरथीकाकूंनी, म्हणजे बाबांच्या बायकोने, माझी अलाबला घेतली आणि कळण्याची भाकरी आणून दिली. आता चादरीखालचा हात निपचित असतानाही बाबांची रेघ दिवसेंदिवस सपाट होते आहे.

एक गोष्ट इथेच लिहिते. मी चाळीसऐवजी साठ गाठी मारते, हे डॉक्टरांना ठाऊक नाही. आई गेल्यापासून माझ्याकडे इतकं मन लावून कुणी बघितलेलंच नाही. बैठकीची ती वीस मिनिटं संपू नयेत असं वाटतं. बाकीचे तेवीस तास चाळीस मिनिटं ही खोली आणि मी.

६ जानेवारी
बाबा म्हणाले, घरी बसल्यावरही त्यांना माझे हात दिसतात. काल मेथी निवडताना मी अळी उचलून खिडकीबाहेर टाकली, तेही सांगितलं. खरंच टाकली होती. घाबरायला हवं होतं का? मला बरं वाटलं. आज दोन भाज्या केल्या. कुणीतरी बघतंय म्हटल्यावर खिचडीवर भागवायला लाज वाटते.

१४ जानेवारी
उत्तरायण. सगळं सुरत गच्चीवर. शोभाबाईंच्या नातेवाइकांत मी पाण्याच्या टाकीला टेकून उभी होते. फिरकी धरायलाही कुणी बोलावलं नाही. मनात आलं, पतंग बघणाऱ्याची रेघही अर्धी बसतेच, म्हणजे अर्धा पतंग माझाही. संध्याकाळी बाबांचा फोन आला. मी एकटीच उंधियू खात होते हे त्यांना माहीत होतं. काकूंना सांगून त्यांनी माझ्या नावाने एक पतंग उडवायला लावला म्हणे. मी रडले.

१७ जानेवारी
सकाळी उजवा हात उठेना. अंगाखाली दबला असेल. साडेसहाला एकदम ठीक झाला. दुपारी दोनला हातातून टोपी पडली आणि तासभर बोटांत जीवच नव्हता.

१९ जानेवारी
काकूंना सहज विचारलं. बाबा उठतात साडेसहाला. दुपारी जेवून दोन ते तीन झोपतात.
वही मिटते.

२० जानेवारी
सेंटर रिकामं झाल्यावर टोपी स्वतःला घातली. उजवा हात चाळीस वेळा उचलला. लाटा बसल्या, पण अर्ध्याच. हात माझा, उचलला मी, आणि रेघ बघणाऱ्याची.
मग बाबांची शेवटची नोंद काढली. त्यात त्यांनी बोटही हलवलं नव्हतं, नुसतं माझ्या हाताकडे बघितलं होतं.
सपाट. करणाऱ्याची.
डॉक्टर म्हणाले, तार सैल असेल, रजा घे.

२१ जानेवारी
गोडादऱ्याला गेले. बाबांनी उजव्या हाताने चहाचा कप पुढे केला. सगळं सांगितलं. ते लहान मुलासारखे रडले. त्या हाताच्या जोरावर पुन्हा कामाला जाण्याची त्यांना आशा होती, तरी क्षणाचाही विचार न करता त्यांनी दोरा मागितला. एक गाठ मारली, तोडली, आणि माझ्यावरून नजर काढून भिंतीकडे वळवली. बघणं मिटलं.

मला हलकं वाटलं. चपला घातल्या. जिन्याच्या चौथ्या पायरीवर पाय थांबले. मग मान. मग छाती — हवा समोर होती, पण ती आत ओढणारं कुणी नव्हतं. काकू किंचाळल्या. बाबा धावत आले, वाकले आणि माझ्याकडे बघितलं.
श्वास आला.
नुसता हात नव्हता तर. साठ-साठ गाठींत मी सगळीच त्यांच्या बघण्यात गेले होते.

२३ जानेवारी
बाबा झोपत नाहीत. खोलीवरून फोन चालूच ठेवते. दर थोड्या वेळाने ते म्हणतात, "घाबरू नको माय, मी देखी ऱ्हायनू ना."
बघतोय मी, घाबरू नको.
इतक्या प्रेमाने मला कुणी काही म्हटलं नव्हतं. म्हणूनच जास्त भीती वाटते.

२४ जानेवारी
दुसऱ्या कुणी बघितलं तर? भावाला व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, दादा, माझ्या हाताकडे बघ जरा, नीट बघ. त्याने बघितलं. बोटांत ऊब आली, खरंच आली — माझी स्वतःची! मग वहिनीने काही विचारलं आणि त्याने फोन टेबलावर ठेवला. मला पंखा दिसत राहिला. बराच वेळ नुसता पंखा.
शोभाबाईंनी दोन मिनिटं बघितलं. त्यांची मालिका लागायची होती.
तिसरं नाव आठवत नाही.

२५ जानेवारी
काकू फोनवर ओरडल्या. माणूस मरेल माझा, पाच दिवस झाले. डोळ्यांवर गार पाणी मारतात त्यांच्या.
खरं आहे त्यांचं.
बाबांची पापणी मिटते तेव्हा माझं अक्षर तुटतं. ह्या ओळीत बघा — इथे — आणि इथे —

२६ जानेवारी, दुपार
दोन वाजले. त्यांची झोपायची वेळ.
आवाज जड झालाय. मी देखी — एवढंच म्हणतात, पुढचं राहून जातं.
बाबा, झोपा आता, असं म्हणायचं ठरवलं होतं. रात्रभर पाठ केलं होतं. तोंड उघडलं आणि मी म्हणाले, बाबा, झोपू नका.
लाज वाटते. तरी पुन्हा तेच म्हटलं.
हो माय, म्हणाले ते.
काकू ताट वाजवतायत. अहो, अहो —
पाय गेले. लिहिणारा हात चालतोय, म्हणजे अजून थोडं दिसतंय त्यांना.
ताट जोरात —
बाबा, इकडे. हाताकडे. एवढी ओळ होईप