‘मिरवली’ला इंग्रजीत काय म्हणायचं

१२ मे, सोमवार
एका शब्दावर दिवस गेला. वाक्य एवढंच — ‘इंद्रजितने आमच्या दारासमोर तलवार मिरवली.’ जबाब इंद्रजितच्या शेजारच्या नाथाजींचा. इंद्रजित फौजेत आहे, भावाच्या लग्नाला सुट्टीवर आलेला. वरातीतला प्रकार. आता पलटणीत चौकशी लागलीय, म्हणून कागद इंग्रजीत हवेत, ते भाषांतर माझ्याकडे. नोकरी जाऊ शकते.

त्याचे वकील यशराज फोनवर — “डिस्प्ले लिहा मॅडम. विषय संपला.”

१३ मे
डिस्प्ले बसत नाही. ते शोकेसमधल्या भांड्यांचं. फ्लॉन्ट म्हणजे समोरच्याला खिजवायला दाखवणं. ब्रँडिश — आता मारतोय की काय असं वाटावं, तसं उगारणं. ब्रॅग, बोस्ट तोंडाचं काम, त्यात तलवार लागत नाही. आणि आपल्या मिरवण्यात हौस असते. नवी साडीसुद्धा मिरवतोच की आपण. ती हौस यातल्या एकातही नाही.

पण नेमकं नाथाजींच्याच दारासमोर का? दोन्ही घरांचा बांधावरून वाद आहे, तेही जबाबात आहे. मग फ्लॉन्टच. उद्या पक्कं करते.

१४ मे
दुपारी त्याची आई आली, सुलाबाई. जावळीतून, दोन एसट्या बदलून. पक्षकाराच्या माणसांशी बोलायचं नाही हा माझा नियम. पाणी दिलं.

“आवं बाई, पोरगं लय हौशी हाय. नाचता नाचता मिरवली. तेवढ्यापायी भाकरी काढून घेत्यात व्हय?”

“मी फक्त शब्द लिहिते, मावशी.”

“मग शब्दच नीट लिवा की.”

ती गेली. राग आला. तिचा नाही.

१५ मे
‘शो ऑफ’ लिहिलं. थोडी हौस, थोडा पोरकटपणा. सही, शिक्का, रवाना.

बरं वाटायला हवं होतं.

१९ मे
यशराजच्या कारकुनानं दुसऱ्या कागदांत मूळ जबाबाची झेरॉक्स चुकून पाठवली. मी काम केलं ते त्यांच्या ऑफिसनं टाईप करून दिलेल्या प्रतीवरून. मुळात ‘मिरवली’ नाही. स्वच्छ अक्षरात ‘फिरवली’. पुढे टाईप न झालेले दोन शब्द — ‘माझ्या तोंडापुढून.’

फोन केला तर यशराज म्हणाले, “कोण बघतंय मॅडम?”

‘मूळ जबाबाशी ताडून पाहिले’ याखाली सही माझी आहे. दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलंय.