निळा पोपडा

बाबा, तुम्ही रंगवलेलं कपाट मागच्या महिन्यात माझ्या दुकानात आलं. आंजीच्या एका किराणा दुकानदाराचं, वर जाळीची दोन दारं आणि खाली दोन बंद कप्पे. मालवाहू ऑटोतून माणसं ते उतरवत होती आणि मी चहा पीत उभी होते. निळा रंग जागोजागी फुगलेला, पोपडे सुटलेले, पायांशी तर लाकूडच उघडं पडलेलं. एवढ्यात दाराच्या कडेने फिरलेली पांढरी रेघ दिसली आणि मी कप खाली ठेवला. हात न टेकवता एका दमात ओढलेली रेघ, उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात जराशी जाड, कारण तिथे आल्यावर तुम्ही ब्रशाची पकड बदलत असा. कामावर तुम्ही नाव कधी टाकलं नाही. मला ते लागतही नाही.

माझं दुकान तुम्ही पाहिलेलं नाही. सिंदी मेघेला रस्त्याच्या आत पत्र्याची शेड आहे, पुढे कडुनिंब आहे. जुनं लाकडी सामान दुरुस्त करते आणि त्यावरचा जुना रंग राखते. हो, राखते, खरवडत नाही. तुम्ही असता तर कपाळावर हात मारून घेतला असता. आधी मऊ ब्रशाने धूळ काढायची, ओलं फडकं लावायचं नाही. सुटलेल्या प्रत्येक पोपड्याखाली बारीक ब्रशाने पातळ केलेला सरस सोडायचा, वर बटरपेपर ठेवायचा आणि कोमट चमच्याच्या पाठीने हळूहळू दाबायचं. एका दारालाच तीन-चार दिवस जातात. शेवटी बिनचमकीचं पातळ वॉर्निश दिलं की झालं, टवके उडालेले दिसतात पण आणखी उडत नाहीत. नागपूरहून लोक मुद्दाम येतात आणि मी त्यांना सरळ सांगते, हे काम माझ्यापेक्षा चांगलं इकडे कोणी करत नाही. बढाई नाही मारत, बाबा. खरंच करत नाही.

हे सगळं तुमच्या शिकवणीच्या बरोब्बर उलट आहे, ते मला ठाऊक आहे. बारावीनंतर मी तुमच्याबरोबर कामाला येऊ लागले त्या वर्षीची गोष्ट. वडनेरच्या एका घराचं पुढचं दार तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं. मला घाई झाली होती, म्हणून जुना रंग न काढताच मी वरून नवा हात मारला. दार असं चकचकीत दिसत होतं की घरधनीण खूश झाली. मे महिन्याच्या उन्हात त्याला फोड आले. तुम्ही मला पुन्हा तिथे घेऊन गेलात, नखाने एक फोड उचकटलात आणि म्हणालात, "काऊन वं, खालचं सुटलं असलं तं वरून लपवून काय होते? लाकूड दिसत नाई तोवर रंगाचा डबा उघडजो नोको." ते दार मी दोन दिवस खरवडत बसले. तुम्ही समोरच्या ओट्यावर बसून होता, दुपारी पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवलात. तो राग माझ्या अंगात मुरला आणि ते वाक्यही मुरलं.

इतकं मुरलं की मी तुमची पेटी खरवडली.

अवजारांची ती सागवानी पेटी. नवा रंग कालवला की पहिला ब्रश तुम्ही तिच्या झाकणावर ओढून बघायचा आणि काम संपलं की तिथेच पुसायचा. किती घरांची दारं, किती कपाटं, पाळणे, देव्हारे त्या झाकणावर थरांनी बसले होते. तुम्ही श्रावणात गेलात. पुढे दसरा आला. दरवर्षीसारखी अवजारांची पूजा करायची, तर पेटी अशी मळकट कशी मांडायची, असं मला वाटलं. तीन दिवस खपले. तुम्ही सांगितलं होतं तसंच, पार लाकूड दिसेपर्यंत. सागाच्या रेषा काय सुंदर उमटल्या म्हणून सांगू. आई हळदकुंकवाचं ताट घेऊन आली आणि पेटीसमोर थांबली. "पेटी तं चांगली झाली वं," ती म्हणाली, "पन कोनाची हाये हे?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा धावत उकिरड्यावर गेले. आदल्या दिवशी खरवड तिथे टाकली होती, ती वाऱ्याने कधीच पांगली होती. तुमचंच ऐकून मी तुम्हाला पुसून टाकलं होतं. या कामाचं प्रशिक्षण घेतलं असं मी गिऱ्हाइकांना सांगते, ते खोटं नाही, पण ते नंतरचं आहे. धंदा त्या दसऱ्याला सुरू झाला.

म्हणून त्या दिवशी ऑटोबरोबर आलेला दुकानदार म्हणाला, मुलाच्या नव्या दुकानात ठेवायचं आहे, सगळा रंग काढून नव्यासारखं करून द्या, तेव्हा मी नाही म्हटलं. त्याचंही काही चूक नव्हतं. त्याने माणसांना कपाट परत ऑटोत चढवायला सांगितलं आणि मी घाबरले, बाबा. दुसरा कोणीही दोन दिवसांत ते साफ करून देईल, हे मला माहीत होतं. तुम्ही रंगवलंय हे मात्र मी सांगितलं नाही. मग ते गयावया करणं झालं असतं. मी इतकंच म्हटलं, "एकडाव कडीपाशी हात लावून पाहा." तिथला निळा रंग झिजून गेला होता, खालचं अस्तरही गेलं होतं, लाकूड गुळगुळीत झालं होतं. त्याने अंगठा टेकवला. तो त्या खळग्यात नीट बसला. म्हणाला, "आमचे बाबा याच्यातूनच गूळ काढून देत मले." मग म्हणाला, "राहू द्या मंग तसंच. पन कपड्याले रंग नाई लागला पायजे."

लागणार नाही. काम आज पूर्ण झालं, उद्या कपाट आंजीला परत जाईल. सगळे पोपडे आपापल्या जागी आहेत, एक सोडून. उजव्या कोपऱ्यातला, रेघ जाड होते तिथला, नखाएवढा. सरस सोडताना तो माझ्या तळहातावर पडला. त्याची जागा समोर दिसत होती, दोन मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही. तसाच निळा कालवला, तशीच रेघ ओढली आणि ती जागा भरून टाकली, कोणाला कळायचं नाही अशी. वरून लपवलं, बाबा, वडनेरच्या दारासारखंच.

तो पोपडा पेटीच्या झाकणावर चिकटवला आहे. काल आईने त्यावरून बोट फिरवलं, पेटी कोणाची हे या वेळी विचारलं नाही. हे पत्रही त्याच पेटीत ठेवते. तो पोपडा गिऱ्हाइकाचा आहे, तो परत द्यायला तुम्ही मला आत्ताच्या आत्ता आंजीला पाठवलं असतं. मी जाणार नाही.