सावडीचा पहिला दिवस

३ बहमन महिना, मोगलाईचं १३४७ फसली साल

माझ्या गावच्या भुजंगाच्या पायावर धोंडा पडला! उजव्या पायाची दोन बोटं चेचली. गडी रडला न्हाई, नुसता पांढरा पडला.

पुलाच्या पायाचे मोठे धोंडे आठ जणांना हालत न्हाईत. म्हणून जमादारानं आमची परभणीकडची टोळी आन् येल्लय्याची तेलंगी टोळी एका धोंड्याला लावली. ते त्यांच्या बोलीत तीन मोजतात आन् तिसऱ्या आकड्यालाच उचलतात. आमी तीन मोजून, 'हां' म्हणल्यावर उचलतो. त्यांची बाजू वर, आमची खाली — धोंडा घसरला तो थेट भुजंगावर.

जमादार वरडला, "मिल के नै होता तो मराठे लोगां घर कू जाव! आठ रोज देतूं."

घरची सय रोज येते. पण असं हाकलून? मी तर बाशी भांडून आलोय — गावात माझं मन लागत न्हाई म्हणून. आता कोणत्या तोंडानं जायचं?

४ बहमन

आमच्या टोळीतला लिंबाजी म्हणतो, त्यांनी आमच्या मोजणीनं उचलावं. येल्लय्या म्हणतो, "गिनती हमारी." धोंडा जिथल्या तिथं. ते तिकडं, आमी इकडं.

५ बहमन

आजबी तेच. बसून बसून अंग आंबलं. भाकरी खाताना बा आठवला.

आमच्याकडं एकच बैल, चंद्रभानकाकाकडं एक. दर साल दोघांची सावड — दोन्ही बैल एका औताला, आळीपाळीनं दोघांची रानं. आमचा बैल तापट, काकाचा आपला डुलत डुलत. बा म्हणायचा, "सावडीत पयला दिस दुसऱ्याच्या रानात. आन् त्याच्या बैलाच्या चालीनं." मी चिडायचो. आपल्या रानातली वल उडून चाललीय की! बा नुसता हसायचा. दुपारी बायनाकाकू अंबाडीची भाजी घेऊन यायची. पहिली भाकर बाच्या हातात, नवऱ्याला मागून. काका म्हणायचा, "मी काय पाव्हणा हाय का तुजा?" ती म्हणायची, "पाव्हणा असता तर पहिली दिली असती."

दुसऱ्या दिवशी आमी रानात पोचायच्या आत काका आमच्या बांधावर. चिलीम ओढत बसलेला.

आमच्या चारठाण्याच्या जुन्या देवळात खांबाला टेकून किती दुपारी झोपलो! एवढाले खांब कुणी उभे केले, असं कधी मनातबी आलं न्हाई. इथं दूर आल्यावर येतं. किती टोळ्या लागल्या असतील? मोजलं कुणी असेल?

६ बहमन

सकाळी टोळीला म्हणालो, आपण आधी त्यांच्या बाजूचे बारके धोंडे उचलायला जाऊ. त्यांच्या मोजणीनं.

लिंबाजी थुंकला. "तेलंग्याचा सालगडी झालास का रे?"

मी म्हणालो, "आज झालो. तू बस."

तो बसला. भुजंग खोपटात पडलेला. बाकी सहा जण गेलो. येल्लय्यानं डोळे बारीक केले, "जमादार भेज्या क्या?"

"नै. हमारे गाँव का रिवाज है."

त्यानं दांडा पुढं केला. ओकटी, रेंडू, मूडू — दोनदा चुकलो, त्यांची पोरं हसली. दुपारपर्यंत खांद्याला कळलं. संध्याकाळी कुणी 'या' म्हणलं न्हाई, 'जा' म्हणलं न्हाई. उगीच गेलो काय?

७ बहमन

आमी उठायच्या आत येल्लय्या त्याचे सात जण घेऊन आमच्या बाजूला उभा! म्हणाला, "आज तुम्हारी गिनती." मोजलं कुणी? लिंबाजीनं! लय मोठ्यानं.

१० बहमन

भुजंग लंगडत का होईना, कामावर आला. सोळा खांदे. मोठा धोंडा असा उठला की माझाच विश्वास बसंना! दिवसात तीन गेले. एक त्यांच्या मोजणीनं, एक आमच्या. तिसऱ्याला कुणी मोजलंच न्हाई, तसाच उचलला.

येल्लय्याला आमच्या तापट बैलाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "वो बैल तूच है." सगळे हसले. खोटं कशाला लिहू, खरंच हाय ते. बाला हे सांगावं वाटायलंय. तोबी हसला असता.

१३ बहमन

जमादार खूश. आन् खूश होऊन म्हणतो, "अब तो बारा में उठता. चार आदमी कम करो, दो इधर के, दो उधर के. लंगडे से शुरू करो. नाम कल सुबह होना."

भुजंग खाली बघत पायाचं फडकं सोडायला लागला, परत बांधायला लागला. त्याची म्हातारी धुरपताबाई मला येशीपर्यंत येऊन म्हणाली होती, "दोघं संगं जा, संगं या."

लिंबाजी कानाशी, "चारीबी त्यांचेच जाऊ देत की." पलीकडं ते त्यांच्या बोलीत बोलत होते. शब्द कळला न्हाई, तरी कळलं. मी येल्लय्याकडं बघितलं न्हाई. त्यानंबी माझ्याकडं न्हाई.

१४ बहमन

जमादारानं नावं मागितली. येल्लय्यानं स्वतःचं सांगितलं. मी माझं. मग लिंबाजीनं त्याचं — आन् मग सोळाच्या सोळा जणांनी आपापलं! धोंड्याभोवती बसलोय. दुपार झाली. कुणी उठलं न्हाई. हे तिथंच बसून लिहायलोय.